रंग काळा, भाषा कन्नड

आमचे साडू नसते, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या निम्म्या म्हशी आज भलत्याच गोठ्यात, भलत्याच माणसाला दूध देत उभ्या असत्या. हे विधान मी कुठल्याही देवळात, कुठल्याही देवाच्या पायावर हात ठेवून करायला तयार आहे. निम्म्या म्हणजे जरा जास्तच झालं, असं कुणी म्हणेल. बरं, पाव म्हणू. पण त्याखाली मी उतरणार नाही! आणि गंमत अशी की या गृहस्थांना म्हशीतलं ओ की ठो कळत नाही. तोंड कुठल्या बाजूला असतं तेवढं ते खात्रीनं सांगू शकतात, तेही म्हैस रवंथ करत असेल तर. त्यांचा धंदा वेबसाइटी बनवायचा. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या डोक्यावर त्यांची एक खोली आहे आणि तिच्या मागंच फ्लॅट. तिथं बसून ते क्लासवाल्यांच्या, मंगल कार्यालयांच्या, फरशीवाल्यांच्या वेबसाइटी करतात, आणि करताना इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन हा त्यांच्या बाबतीत निव्वळ उपचार आहे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. एवढ्या एका कारणानं हा माणूस माझ्या वाट्याला आला. मी इचलकरंजीत एका सुताच्या पेढीवर कारकुनी करणारा साधा माणूस. माझ्या आयुष्यात जी काही धमाल आहे ती सगळी सासुरवाडीकडून आलेली आहे.

साडूंचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे. "भरायचं जिथं, बघायचं तिथंच!" याचा अर्थ तुम्ही विचारला नाहीत तरी ते सांगतात. वेबसाइटवर एक फॉर्म असतो. आपण त्यात नाव, गाव, फोन भरतो, 'जमा करा' हे बटण दाबतो, समोर 'धन्यवाद' असं येतं, आणि आपण भरलेलं सगळं कुठं गेलं ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. साडूंना हे सहन होत नाही. त्यांनी केलेल्या पानावर वर फॉर्म आणि खाली तक्ता. बटणावरचं बोट उचलायच्या आत तुमची ओळ खाली तक्त्यात हजर! शिवाय तक्त्याच्या डोक्यावर छोट्या छोट्या चौकटी. गावाच्या चौकटीत 'शि' एवढं लिहिलं की शिरोळ, शिरोली अशीच गावं उरतात आणि बाकीच्या ओळी गुपचूप बाजूला होतात. साडू त्याला फिल्टर म्हणतात. अव्वा, म्हणजे आम्हा दोघांच्या सासूबाई, त्याला चाळण म्हणतात, आणि खरं सांगायचं तर अव्वांचाच शब्द बरोबर आहे. ही चाळण चालवून दाखवताना साडूंचा चेहरा बघावा! नातवाला पहिल्यांदा चालताना बघणाऱ्या आजोबांचा असतो तसा. "बघा, बघा, पावणं! गेल्या का नाही बाकीच्या ओळी? मेल्या न्हाईत त्या, हाईत की! चौकट मोकळी करा... ह्या बघा, आल्या सगळ्या परत!" हा खेळ त्यांनी दाढी अर्धी झालेली असताना न्हाव्याला दाखवलेला आहे, आणि मंडईत भाजीवाल्या मावशींना मेथीच्या जुडीसकट खाली बसवून दाखवलेला आहे.

एकदा एका कचेरीत कसल्याशा दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच हातात दिली. झालं की काम! पण साडू हलेनात. "दिसू दे की," म्हणाले. बाईंनी विचारलं, काय दिसू दे? "अर्ज ओ. कुठं दिसतोय आता?" बाई म्हणाल्या, अर्ज आत गेला. "आत म्हंजे? विहिरीत दगड टाकल्यागत?" मागची रांग पुढं सरकायला लागली, कुणी तरी कोपर लावलं, कुणी तरी घराण्याचा उद्धार केला, पण साडू खिडकीचे गज धरून उभे. शेवटी वैतागून त्या बाईंनी आपला स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला. साडूंनी गजांतून हात घालून स्वतःच्या नावावर बोट टेकवलं, डोळे मिटले, आणि मग अतिशय प्रेमानं म्हणाले, "झ्याक. आता हे गावाप्रमाणं गाळता येतंय का तेवढं बघा की, बाईसाहेब." मी त्यांना ओढत बाहेर आणलं.

घरी तर विचारूच नका. दारातच भिंतीला एक जुनी टॅबलेट लटकवलेली आहे. पाहुणा आला की चपला काढायच्या आणि फॉर्म भरायचा: चहा की कॉफी, साखर किती, आलं हवं का. तक्ता आत स्वयंपाकघरात अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, ओट्यासमोर उमटतो. मी पहिल्या भेटीत 'साखर बेताची' असं भरलं होतं. पुढं डॉक्टरांनी माझी साखर पार बंद केली. हे मी अक्कांना तोंडानं सांगितलं, खुणेनं सांगितलं, बायकोकडून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, पावणं? तक्त्यात बेताची हाय. दारात जावा आणि बदला." तेव्हापासून मी चपला घालून पुन्हा दारात जाण्यापेक्षा बेताच्या साखरेचा चहाच पीत आलो आहे. गावातल्या झाडून सगळ्या मिसळींचा तक्ता तर साडूंनी स्वतः खाऊन, घाम पुसत केला. त्यात 'कमी तिखट' अशी चाळण लावली की अख्खा तक्ता रिकामा होतो. मला वाटलं, बिघडलं काही तरी. साडू म्हणाले, "बिघडलं न्हाय. कोल्हापूर हाय हे!"

मात्र तत्त्व म्हटलं की ते अंगाशी येणारच. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पेशंटच्या नोंदणीसाठी एक पान करून मागितलं. साडूंनी तत्त्वाला जागून वर फॉर्म, खाली तक्ता असं पान केलं आणि ते बसायच्या जागेतल्या मोठ्या टीव्हीवर लावून दिलं. आपण भरलेलं आपल्याला दिसलं पाहिजे! दिसलं की, सगळ्यांचं सगळ्यांना दिसलं. कोण कशासाठी आलंय ते नावानिशी आणि गल्लीनिशी. पहिल्याच सकाळी एका आजोबांनी 'मूळव्याध' अशी चाळण लावली आणि आपल्या व्याह्यांचं नाव मोठ्यानं वाचलं. व्याही शेजारीच बसले होते! डॉक्टर जिना चढून वर आले ते नुसता स्टेथोस्कोप हातात घेऊन, पण त्यांच्या हातात तो चाबकासारखा दिसत होता म्हणतात. त्यानंतर कितीतरी दिवस ते साडूंशी बोलत नव्हते. साडूंनी एक धडा घेतला, की कुणाला काय दिसावं हेही ठरवावं लागतं. पण 'भरायचं जिथं, बघायचं तिथंच' यावरची श्रद्धा रतीभर ढळली नाही.

आणि मग तो पावसाळा आला. गगनबावड्याला पाऊस लागून राहिला की खालच्या गावांतली माणसं रात्री उठून नदी बघून येतात, कारण तिथं पडलेलं पाणी इथं येणार असतं. अव्वांचं गाव शिरोळच्या पुढं, अगदी नदीकाठाला. कानडी मुलूख तिथून हाकेच्या अंतरावर. अव्वा आमच्याशी मराठी बोलतात, देवाशी आणि म्हशीशी कन्नड. म्हशीचं नाव चंद्री. पौर्णिमेला जन्मली म्हणून चंद्री. एरवी तिच्यात चंद्रासारखं काही नाही, शेपटीच्या गोंड्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत डांबरासारखी काळी आहे. मामंजी गेल्यावर त्या घरात अव्वा आणि चंद्री, दोघीच. दोन्ही लेकींनी किती सांगितलं, आता म्हैस विका आणि आमच्याकडं चला. अव्वा म्हणायच्या, "ती येती म्हणली तर येतो."

आम्ही नवरा-बायको अव्वांना आणायला पोचलो तेव्हा पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं होतं. नावेत माणसं घेत होते, जनावरं नाही. अशा वेळी दावं सोडायचं, ही काठावरची रीत आहे. बांधलेलं जनावर जागच्या जागी जातं. सोडलेलं पोहत कुठं तरी लागतं. अव्वांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः चंद्रीच्या गळ्यातलं दावं सोडलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "होगव्वा." जा बाई. चंद्री गेली नाही. आमच्या नावेमागं पोहत आली, बरीच लांबपर्यंत, नाक तेवढं पाण्याच्या वर. मग धार जोराची लागली आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली. अव्वांनी मागं बघितलं नाही. ते दावं मात्र त्यांच्या मुठीत होतं, आणि राजारामपुरीत साडूंच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसल्यावरही ते तिथंच राहिलं. इचलकरंजीचा रस्ता बंद झाला, त्यामुळं आम्हीही तिथंच अडकलो.

अव्वा जेवायच्या, म्हणजे ताटाशी बसायच्या. बोलायच्या, म्हणजे 'व्हय' आणि 'न्हाय'. चहा तर त्यांनी बंदच केला. "हे पिशवीतलं दूध. कुणाचं हाय ठावं न्हाय." जन्मभर स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचा चहा प्यालेली बाई! दिवसागणिक त्या आकसायला लागल्या. शेवटी अक्का जिना उतरून खाली गेल्या आणि रागावलेल्या डॉक्टरांनाच घेऊन आल्या. त्यांनी अव्वांची नाडी बघितली, मांडीवरचं दावं बघितलं, आणि साडूंकडं वळून कित्येक दिवसांत पहिल्यांदा बोलले: "यांना माझ्याकडं औषध नाही. म्हैस आणून द्या."

म्हैस कुठून आणायची? सगळ्या मोबाइलवर म्हशींचा पूर आला होता. 'ही कुणाची?', 'ही दिसली का?', 'कारखान्याच्या आवारात बांधल्यात, ओळखून न्या.' काळ्या रात्री काढल्यासारखे काळ्या म्हशींचे काळे फोटो, एकाखाली एक, वर सरकून नाहीसे होणारे. ज्याला सापडली तो एका ग्रुपवर टाकतोय, ज्याची हरवली तो दुसऱ्याच ग्रुपवर रडतोय. साडू ते बघत होते, बघत होते, आणि अचानक त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की शेजारी मी दचकलो. "म्हशी न्हाय हरवल्या! यादी हरवलीया! भरायचं एकीकडं आणि बघायचं भलतीकडं!" आणि जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून त्यांनी लॅपटॉप मांडला.

काय सांगू त्या दिवसाची गंमत! सकाळच्या चहाला फॉर्म उभा राहिला, दुपारच्या भाकरीला तक्ता. साडू टाइप करताना ओरडत होते, अक्का मागून भाकरीचा तुकडा तोंडात घालत होत्या, मी नुसता 'व्हय, व्हय' म्हणत होतो. हरवली की सापडली? कुठं? रंग? शिंगं कशी? वय? इथं सोफ्यावरून आवाज आला. "म्हशीचं वय कोण इचारतंय? वेत इचारा." किती वेळा व्याली ते, म्हणजे वेत. अव्वा एवढं मोठं वाक्य किती दिवसांनी बोलल्या होत्या! साडूंनी 'वय' पुसून 'वेत' लिहिलं आणि मग उत्साहाच्या भरात आणखी एक चौकट टाकली. 'भाषा.' आणि तिच्यापुढं लाल फुली. म्हणजे ती भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकायचाच नाही.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "अवो, म्हशीची भाषा? डोस्कं बी पुरात गेलं काय?"

"अव्वा चंद्रीशी कानडीत बोलत्यात का न्हाय?"

"बोलत्यात. म्हणून?"

"मग तक्त्यात नगं?" साडू शांतपणे म्हणाले. आम्ही सगळे हसलो. अव्वा सोडून.

पान गावोगाव पसरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओळी अशा कोसळायला लागल्या की बघत राहावं. साडूंनी मोठ्या दिमाखात पहिली चाळण लावली: रंग, काळा. तक्ता जागचा हलला नाही! एकही ओळ कमी झाली नाही. अख्ख्या जिल्ह्यानं एकमुखानं 'काळी' असं भरलं होतं. ओळखीच्या खुणेच्या चौकटीत लोकांनी जीव ओतला होता. 'आमची हाय, बघितली की कळतंय.' 'स्वभाव लै गरीब.' 'सून आल्यापास्नं लाथ मारत्या.' त्याहून मोठा घोटाळा साडूंच्याच हातचा होता. लोक आपल्या गावाची चाळण लावून तक्ता बघायचे आणि तशीच ठेवून वर फॉर्म भरायचे. म्हैस सापडलेली असायची दुसऱ्या गावात, त्यामुळं नवी ओळ चाळणीच्या पलीकडं पडायची आणि दिसायची नाही. दिसली नाही, म्हणजे भरली गेली नाही, असं समजून पावणे पुन्हा भरायचे. आणि पुन्हा. इचलकरंजीच्या बाजूच्या एका गृहस्थांना सापडलेली एक म्हैस अशी वाढत वाढत कळप झाली, आणि चारा वाटणाऱ्या मंडळींचा त्यांना फोन गेला, की तुमचा गोठा लै मोठा दिसतोय, ट्रक धाडू काय? साडूंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्या माणसानं जन्मभर 'भरलं की दिसलं पाहिजे' याचा घोष केला, त्याच्याच पानावर भरलेलं दिसेना! मग एकदम उठले, 'हळद!' म्हणून ओरडले, आणि पुन्हा बसून काही तरी केलं. तेव्हापासून नवी ओळ, चाळण कुठलीही असो, आधी सगळ्यात वर पिवळी होऊन बसायची आणि मग थोड्या वेळानं आपल्या जागी जायची. "हळदीची नवरी हाय ती. तिला चाळण लागत न्हाय!"

आणि मग जुळायला लागल्या! हरवलेली एक ओळ, सापडलेली एक ओळ, दोन्हीची शिंगं सारखी, वेत सारखं. साडू दोन्हीकडं फोन लावायचे, आणि पलीकडून हंबरडा यायचा, कधी म्हशीचा, कधी मालकाचा. ओळ हिरवी व्हायची. साडू 'जमलं!' असं ओरडायचे की खालच्या दवाखान्यातले पेशंटही वर बघायचे, पुढं पुढं तर खालूनच कुणी तरी विचारायचं, "जमली काय ओ आणखी एक?" घराला लग्नघराची कळा आली. मोठी मोठी माणसं फोनवर रडत होती, साडू त्यांना दटावत होते आणि स्वतःही नाक पुसत होते.

फक्त चंद्री जुळत नव्हती. अव्वा आता सोफ्यावरून उठून साडूंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. मांडीवर दावं, नजर तक्त्यावर. "चाळलं काय?" "चाळालोय, अव्वा." शिंगांनी चाळलं, वेतानं चाळलं, गावानं चाळलं. फोटो आला की साडू लॅपटॉप त्यांच्यापुढं करायचे. अव्वा एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "ही न्हवं." दुसरी नजर टाकायची गरज त्यांना लागायची नाही. प्रत्येक 'ही न्हवं' नंतर त्या थोड्या आणखी लहान दिसायच्या. माझी बायको आत जाऊन डोळे पुसून यायची.

अशाच एका दुपारी फोन वाजला. पलीकडं एका साखर कारखान्याच्या आवारातला जनावरांच्या छावणीवरचा माणूस होता, आणि तो भडकलेला होता. साडूंच्या फोनमधून येणारा आवाज साडूंइतकाच मोठा असल्यानं आम्ही सगळे ऐकत होतो. "अवो पावणं, हितं एक म्हस हाय. फॉर्म भराय बसलोय, तर ह्यो फॉर्म पुढंच जाईना! भाषा मागतोय! ती काय बोलत्या व्हय?"

"बोलत न्हाय, पण ऐकत्या की! कुठल्या भाषेत ऐकत्या तेवढं बघा."

"काय येड लागलंय काय तुमास्नी? आल्यापास्नं बसून हाय, पाण्याला तोंड लावंना झालीया. किती हाका मारल्या, ढिम्म हाय."

"मराठीत मारल्या?"

"मग काय विंग्रजीत मारू?"

"कानडी कुणाला येतंय काय तिथं?"

पलीकडं थोडं खाकरणं झालं, कुणाला तरी हाक गेली. चाऱ्याचा ट्रक घेऊन सीमेपलीकडचा एक ड्रायव्हर आला होता. 'ए, हिला तुझ्या भाषेत पाणी पी म्हण बघू.' मग लांबून एक आवाज, "बा, बा. नीर कुडी." मग छावणीवरचा माणूस, एकदम हळू आवाजात: "आयला. उठली की."

साडू स्क्रीनकडं वळले. त्यांच्यासमोर तक्त्याच्या माथ्यावर एक पिवळी ओळ उमटली होती: सापडली. रंग काळा. भाषा कन्नड. त्यांनी एका बोटानं चाळण लावली, 'सापडली' आणि 'कन्नड'. एवढा मोठा, भिंतीएवढा तक्ता सरसर आकसत गेला आणि ती एकच ओळ उरली. "अव्वा," ते म्हणाले, आणि फोन अव्वांच्या हातात दिला. छावणीवरच्या माणसाला सांगितलं, तुमचा फोन म्हशीच्या कानाला लावा. त्यानं लगेच लावला.

अव्वांनी दोन्ही हातांनी फोन धरला. दावं मांडीवरून खाली घसरलं. "चंद्रीऽऽ," त्या म्हणाल्या. "चंद्री, बारव्वा. बा." ये बाई, ये.

त्या फोनमधून जो हंबरडा आला तो मी जन्मात विसरणार नाही! खालच्या दवाखान्यातनं डॉक्टर धावत जिना चढून आले. अक्का आणि माझी बायको एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी कुणाच्या गळ्यात पडावं ते न कळून डॉक्टरांच्या पडलो. छावणीवरचा माणूस ओरडत होता, "अवो, फोन चाटालीया की ओ! फोन गिळंल माझा!" आणि साडू खुर्चीवर उभे राहून, दोन्ही हात वर करून, गळ्याच्या शिरा ताणून 'जमलंऽऽ' म्हणून ओरडत होते आणि रडत होते. या सगळ्या गोंधळात अव्वांनी फोन शांतपणे टेबलावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि थोरल्या लेकीला म्हणाल्या, "चहा ठेव. पिशवीचं चालंल."

रस्ते मोकळे झाल्यावर चंद्री टेम्पोतनं घरी आली. अव्वांनी तेच दावं तिच्या गळ्यात घातलं, आणि साडूंना गोठ्यात बोलावून तिच्या पाठीवर हात फिरवायला लावला. साडूंनी तो शेपटीकडून फिरवला. चंद्रीनं मोठ्या मनानं लाथ मारली नाही.

खरं तर तिथं हे पान बंद व्हायला हवं होतं. पण साडूंनी दुसऱ्याच दिवशी त्यात आणखी एक चौकट घातली: 'हाळी'. ज्याची म्हैस हरवली असेल त्यानं तिला ज्या आवाजात बोलावतो त्या आवाजात फोनवर हाक मारायची. तक्त्यात त्याच्या ओळीपुढं एक बटण येतं, ते दाबलं की हाक ऐकू येते. छावण्यांतून त्या हाका वाजवल्या गेल्या. आणखी कितीतरी ओळी हिरव्या झाल्या. मात्र सगळ्या झाल्या नाहीत. काही जनावरं कुठं लागलीच नाहीत. पूर ओसरला, छावण्या उठल्या, लोक घरं धुवायच्या मागं लागले, तरी ते पान चालूच आहे. मी एकदा म्हटलं, आता काढून टाका की. साडू म्हणाले, "चाळणीतनं खाली पडलं म्हणजे नसतंय असं न्हाय, पावणं. असतंय ते."

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवलेली, डोक्याला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक मोटारसायकलवर पुढं सुटतो, गाडीचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि वरून त्याची हाक, आणि ती एवढी मोठी म्हैस गर्दीतून फक्त त्या एका आवाजामागं धावत जाते. बघताना अंगावर काटा येतो. त्या पुरानंतर साडू दरवर्षी मला घेऊन तिथं जातात. आधी मला वाटायचं, मजा बघायला. मग लक्षात आलं, त्यांच्या हातात फोन असतो आणि नजर शिंगांवर असते.

गगनबावड्याकडच्या एका आबांची ओळ अजून पिवळीही नाही आणि हिरवीही नाही. रंग काळा, शिंगं मागं वळलेली, तिसरं वेत, भाषा मराठी. आबा मध्यंतरी वारले. त्यांच्या मुलाचा फोन आला होता, की तेवढी ओळ काढा, वडील गेले. साडू 'व्हय' म्हणाले आणि काढली नाही. मिरवणुकीत जरा गर्दी विरळ झाली की साडू रस्त्याच्या कडेला उभे राहतात, फोन डोक्यावर धरतात आणि त्या ओळीपुढचं हाळीचं बटण दाबतात. आबांचा घोगरा, दमेकरी आवाज येतो, "राणे, ये गं. ये गं, बाय. घरला चल." एवढ्या गोंगाटात माझ्याच कानापर्यंत तो जेमतेम पोचतो. म्हशी आपापल्या मालकामागं निघून जातात. सगळ्या राजारामपुरीला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस त्या वेळी एक शब्द बोलत नाही. हाक संपली की तो फोन खाली घेतो, आणि पुढची म्हैस येताना दिसली की पुन्हा वर धरतो.